लाँगबोवाल्या कादंबऱ्या: नायक कल्पित चालेल, पण त्याचं काम?

तळघर (धागाकर्ता)

गेल्या पावसाळ्यात पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हा इंग्लंड-फ्रान्सच्या शतवार्षिक युद्धावरच्या कादंबऱ्यांचा फडशा पाडला. क्रेसी (१३४६), प्वातिए (१३५६), अ‍ॅजिनकोर्ट (१४१५). तिन्ही लढाया इतक्या वेळा लढलो की बायको चहा देताना विचारायची, "आज कोण जिंकलं?"

जिंकतं कोण ते ठरलेलंच. एक अनाथ इंग्लिश पोरगा असतो. त्याचं गाव जाळणारा एक हरामखोर सरदार असतो किंवा त्याहून हरामखोर पाद्री. पोराच्या हातात आज्याचं, माणसापेक्षा उंच, यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य, म्हणजे लाँगबो. आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात दोनशे पावलांवरून, भर पावसात, त्या सरदाराच्या शिरस्त्राणाच्या फटीतून बरोब्बर एक बाण आत. संपलं युद्ध.

मला नायकाचं वावडं नाही. पण हा जे करतो ते लढाईतल्या तिरंदाजाचं काम नव्हतंच. हजारो लोकांनी मिळून समोरच्या एका पट्ट्यात बाण ओतायचे, घोडी बिथरवायची, चालत येणाऱ्यांना खाली मान घालून चालायला लावायचं, हे त्याचं काम. आणि तेही फार वेळ नाही. साधा हिशेब करा. बाणांची जुडी २४ ची. आज तसली जड धनुष्यं ओढणारे कसलेले लोक मिनिटाला पाच-सहा बाण नीट सोडू शकतात. दहा-बाराचा आकडा कादंबऱ्यांना फार आवडतो, पण तो वेग टिकत नाही. म्हणजे एक जुडी पाच मिनिटांत खलास, दोन धरल्या तर दहा. कादंबरीतला गडी मात्र न्याहारीपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत सोडतोच आहे. अर्जुनाचा अक्षय भाता इंग्लंडला कधी गेला कोण जाणे.

त्या बाणांमागे काय होतं ते बघा, तिथं खरी कादंबरी आहे. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डनं हुकूम काढला की सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी फुटबॉल, कोंबड्यांच्या झुंजी असले उद्योग सोडून धनुष्याचा सराव करायचा, नाहीतर तुरुंग. १४१७ मध्ये हेन्री पाचव्यानं शेरीफांना (जिल्ह्यातले राजाचे अधिकारी) फर्मावलं की प्रत्येक राजहंसामागे पंखातली सहा पिसं बाणांसाठी गोळा करा. (राजहंस म्हणजे आपल्याकडे फार्महाऊसवर पाळतात आणि जे पाहुण्यांच्या पोटऱ्या धरतात, तेच.) धनुष्याला लागणारं चांगलं यू लाकूड इंग्लंडात पुरत नव्हतं, ते आल्प्सकडून, स्पेनकडून यायचं. १४७२ चा कायदा तर असा की परदेशातून माल घेऊन येणाऱ्या जहाजानं दर टनामागे चार धनुष्यांच्या पट्ट्या आणल्याच पाहिजेत. म्हणजे ज्याला "इंग्लिश मातीतलं शस्त्र" म्हणून ऊर भरून येतो त्याचं लाकूड आयात केलेलं आणि पिसं सक्तीनं वसूल केलेली.

शेवटचा मुद्दा जरा कडू आहे. अ‍ॅजिनकोर्टला दुपारी हेन्रीनं पकडलेल्या फ्रेंचांना ठार मारायचा हुकूम दिला. चिलखतवाल्यांनी कां-कू केली, कारण कैदी म्हणजे खंडणी. तेव्हा एका एस्क्वायरच्या (सरदाराच्या खालच्या दर्जाचा लढवय्या) हाताखाली दोनशे तिरंदाज त्या कामाला लावले, असं बखरीत आहे. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत आपला नायक नेमका त्या वेळी दुसरीकडे असतो. बहुतेक वेळा जखमी मित्राला पाणी पाजत.

तर माझं म्हणणं एवढंच: ऐतिहासिक कादंबरीत माणूस बिनधास्त कल्पित असू द्या, पण त्याचं काम खरं लिहा. पटत नसेल तर भांडा.

रानवाट

भांडतो.

एक तर तुम्ही सांगताय ती कादंबरी नाही, कोठीघराचा जमाखर्च आहे. "प्रकरण सातवे: पिसे आली, सहा कमी भरली." कोण वाचणार? मी तरी नाही. वाचकाला एक माणूस लागतो, त्याला एक वैरी लागतो, आणि त्या दोघांमधलं अंतर कमी होत जावं लागतं. हजार लोकांनी ढगात बाण सोडले यात नाट्य नाही, पर्जन्यमान आहे.

दुसरं, "खरं" म्हणजे काय हो? तुमचा सगळा इतिहास बखरींवर उभा. क्रेसीबद्दल सगळे ज्याच्या तोंडाकडे बघतात तो फ्रॉइसार लढाईच्या वेळी साधारण नऊ वर्षांचं पोर होता. त्यानं आधीच्या झां ल बेलचं लिखाण समोर ठेवून, वर आपला मसाला घालून लिहिलं. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसानं रंगवून सांगितलं तर ते साधन, आणि आजच्या माणसानं रंगवलं तर तो अपराध?

तिसरं, आणि हे तुम्हाला टोचेल. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये अ‍ॅजिनकोर्टची अख्खी लढाई आहे आणि ती धनुष्यानं जिंकली याचा मागमूस नाही. शेवटी इंग्लंडच्या मेलेल्यांची यादी वाचतात, त्यात एक ड्यूक, एक अर्ल, एक सर, एक एस्क्वायर. मग म्हणतात नाव घेण्यासारखं बाकी कुणी नाही, आणि इतर सगळे मिळून पंचवीस. संपलं. या "इतर सगळ्यां"ना चेहरा कुणी दिला? नाटकानं नाही, बखरींनी नाही. तुम्ही ज्यांना नावं ठेवताय त्याच बाजारू कादंबऱ्यांनी दिला. त्यासाठी शिरस्त्राणाच्या फटीतला एक बाण मी आनंदानं माफ करतो.

कुंपणावरचा

धागा शतकी होणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तळघर

@रानवाट, यादीचा मुद्दा आवडला, पण तो माझ्याच बाजूनं जातो. नावं गेलेली नाहीत हो! पगारासाठी केलेल्या हजेरीपत्रकांत ती पडून आहेत. १३६९ ते १४५३ या काळात इंग्लंडच्या राजासाठी लढलेल्या लोकांच्या अडीच लाखांच्या आसपास नोंदी साउदम्प्टन आणि रीडिंग या विद्यापीठांनी एकत्र करून सगळ्यांना बघायला ठेवल्यात. त्यात तिरंदाज रांगेनं उभे आहेत, नाव, कप्तान, मोहीम. शेक्सपिअरला नाव घेण्यासारखा माणूस सापडला नाही, पण कारकुनाला सापडला, कारण कारकुनाला पैसे द्यायचे होते.

आणि जमाखर्चात नाट्य नाही म्हणता? १४१५ च्या मोहिमेत घोडा असलेल्या तिरंदाजाला रोज सहा पेन्स, चिलखतवाल्या शिपायाला बारा. करार एकाच चामड्यावर दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी, नागमोडी कापायचा. एक तुकडा राजाकडे, एक कप्तानाकडे. उद्या भांडण झालं तर दाते जुळवून बघायचे. दुसऱ्या तिमाहीच्या पगाराला हेन्रीकडे रोकड नव्हती, म्हणून त्यानं कप्तानांकडे दागदागिने तारण ठेवले. राजानं हातातलं सोनं गहाण ठेवून माणसं उभी केलीत, ती माणसं हार्फ्लर या फ्रेंच बंदराच्या वेढ्यात हगवणीनं पटापट मरतायत, आणि उरलेल्यांचा पगार कोणत्या दिवसापर्यंतचा धरायचा यावर नंतर वर्षानुवर्षं कागद हलतायत. यातून कादंबरी होत नसेल तर लेखकानं दुसरा धंदा बघावा.

दोरीवरची

मी साताऱ्यात दोन वर्षं तिरंदाजी शिकतेय. २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले, त्यानंतर आमच्याकडे धनुष्य उचलायला आलेल्या पोरापोरींच्या लाटेतली मी एक, त्यामुळे फुशारकी नाही. पण ओढण्याबद्दल थोडं सांगू शकते.

आमचं कंपाउंड धनुष्य चाकांचं. स्पर्धेत त्याला ६० पौंडांची मर्यादा असते, आणि पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे हातावरचा भार एकदम उतरतो. म्हणून आम्ही श्वास धरून, भिंगातून बघत, निवांत नेम धरू शकतो. लाँगबोला चाक नाही. जितकं ओढाल तितका भार वाढतच जातो, आणि सगळ्यात जास्त भार नेमका कानापाशी, म्हणजे सोडायच्या क्षणी.

१५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' जहाज १९८२ साली वर काढलं, त्यातल्या धनुष्यांचा ताण अभ्यासकांनी साधारण १०० ते १८५ पौंड धरलाय. मधला १५० घ्या, म्हणजे ६८ किलो. एका हाताच्या तीन बोटांवर एक वयात आलेला माणूस टांगलाय असं समजा. आता कादंबरी आठवा: नायक दोरी कानापर्यंत ओढतो, आणि मग त्याला बापाचं शेवटचं वाक्य आठवतं, मग प्रेयसी आठवते, मग वारा कुठून येतोय ते कळतं. अहो, तेवढ्यात त्याचा खांदा उतरला असता!

हे ओढायचं हातानं नसतंच. लॅटिमर नावाच्या बिशपनं १५४९ च्या एका प्रवचनात सांगून ठेवलंय की बापानं त्याला लहानपणी दंडाच्या जोरावर ओढायला नाही, अख्खं अंग धनुष्यात घालायला शिकवलं, आणि तो वाढत गेला तशी धनुष्यंही मोठी घेऊन दिली. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचे सर आले, पाठीत बोट खुपसून "इथून, इथून!" ओरडणारे. मला त्या बापाची गोष्ट कुणी लिहिली तर हवी आहे. लढाई नसली तरी चालेल.

म्हणून मी तळघर यांच्या बाजूनं. फक्त एक दुरुस्ती. "पट्ट्यात ओतायचे" हे लांबून. जवळ आल्यावर ते लोक सरळ समोरच्या अंगावरच सोडत असणार. पन्नास पावलांवर कुणी ढगात सोडत नाही.

रानवाट

@दोरीवरची, हे वाचून मीच थोडा वेळ खांदा दाबत बसलो. न पटणारं काही नाही. पण तुम्ही "सर आठवले" म्हणालात ना, तेव्हा तुमच्या डोक्यात सात हजार लोक आले का? एकच माणूस आला. माझा मुद्दा तोच.

पोलादी

सगळे एक मूलभूत गोष्ट विसरताय. लाँगबोचा बाण चिलखत फोडायचा, म्हणून तर सरंजामशाही आडवी झाली. सामान्य शेतकऱ्यानं सरदाराला लोळवलं ही खरी घटना आहे, कादंबरीकारांचा मनोविलास नाही. ते अतिशयोक्ती करत असतील, पण मूळ सत्याच्या बाजूनं.

तळघर

@पोलादी, २०१९ मध्ये इंग्लंडातल्या एका शस्त्र घडवणाऱ्यानं अ‍ॅजिनकोर्टच्या काळातल्यासारखं छातीचं पोलादी कवच तयार करवलं आणि १६० पौंडांच्या धनुष्यानं २५ मीटरवरून त्यावर बाण मारवले. एकही आत गेला नाही. काही फुटले, काही घसरून वर गळ्याकडे किंवा खाली मांडीकडे गेले. सगळ्यांचं चिलखत तेवढं चांगलं नसणार, सांधे असतात, जाळीचे भाग असतात, हे मान्य. पण "बाण म्हणजे लोण्यात सुरी" हे सोडा.

पोलादी

मग फ्रेंच मेले कसे? हसून?

तळघर

चिखलात. मैदान नुकतंच नांगरलेलं, रात्रभर पाऊस. दोन्हीकडे रानं, एक अ‍ॅजिनकोर्ट गावाच्या बाजूचं, एक त्रामकूरचं. पुढं जावं तशी जागा आवळत जाणारी. आधी घोडेस्वार तिरंदाजांवर गेले, तिरंदाजांसमोर टोकदार खुंट रोवलेले. कवच नसलेल्या जागी बाण लागलेली घोडी उधळून मागं फिरली ती आपल्याच पायदळात घुसली. मग पायदळ चिलखतासकट त्या तुडवलेल्या राड्यातून चालत आलं, तोंडावर बाण नकोत म्हणून शिरस्त्राणाची झडप पाडून, म्हणजे धड दिसत नाही आणि धड श्वास घेता येत नाही. मागचे ढकलतायत, पुढचे पडतायत. पडलेल्याला उठता येत नाही.

आणि मग, हा भाग ऐका, बाण संपल्यावर तिरंदाज धनुष्य टाकून त्यांच्यात घुसले. तलवारी, कट्यारी, आणि खुंट ठोकायचे लाकडी हातोडे घेऊन. बखरकार लिहितात की पुष्कळांच्या विजारी गुडघ्याखाली लोंबत होत्या आणि काही अनवाणी होते. हगवण लागलेली फौज ती. तर शेतकऱ्यानं सरदाराला लोळवलं हे खरंच आहे, पोलादीसाहेब. हातोड्यानं. तुमच्या सरंजामशाहीच्या अंतात धनुष्याइतकाच वाटा नांगराचा आणि पावसाचा आहे.

मातीमोल

वरचा प्रतिसाद वाचून डबा खायची इच्छा गेली. धन्यवाद.

दुभाषा

मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करतो. असली एक कादंबरी मराठीत आणताना पहिल्याच पानावर अडलो होतो, ते सांगतो. नायकाला म्हणायचं काय?

"धनुर्धर" लिहिलं की तो पोरगा लगेच पार्थ होतो. मागं शंख वाजायला लागतो. त्याच्या अंगाला घाम येत नाही. "तिरंदाज" जरा बरा, फारसीतून आलेला, फौजेतला वाटतो, पगार मागू शकतो. मला मनातून हवा होता तो शब्द "कामठेवाला". आमच्या गावाकडे बांबू वाकवून, सुतळी बांधून पोरं करायची त्याला कामठा म्हणायचे, तिरकामठा. त्या शब्दात गरिबी आहे आणि हात आहेत. संपादकांनी एका फटक्यात उडवला. म्हणाले, ग्राहक पुस्तक खाली ठेवेल. शेवटी "तिरंदाज" राहिला. मुद्दा असा की तळघर म्हणतात तो खोटेपणा कथानकात यायच्या आधी मराठीत शब्दातूनच येतो. महाभारत आपल्या आधी तिथं जाऊन बसलेलं असतं.

आणखी एक छळ. मूळ पुस्तकात कप्तान ओरडतो "फायर!" आता बारूद पेटवायची असते तिथं फायर. धनुष्याला कसली आग? इंग्रजी लेखकानंच माती खाल्ली होती. मराठीत तर ही चूक करताच येत नाही, कारण आपण गोळी झाडतो आणि बाण सोडतो. मी गुपचूप "सोडा!" लिहिलं. मूळ लेखकाची चूक भाषांतरात दुरुस्त करावी का, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

रानवाट

@दुभाषा, महाभारत आधी जाऊन बसतं हे मला दोष वाटत नाही, ते आपल्या वाचकाचं भांडवल आहे. बोटांची गोष्ट घ्या. फ्रेंचांनी धमकी दिली होती म्हणे की पकडलेल्या प्रत्येक तिरंदाजाची दोन बोटं तोडू, म्हणून जिंकल्यावर इंग्रजांनी ती दोन बोटं नाचवून दाखवली आणि तीच इंग्रजांची दोन बोटांची शिवी झाली. मराठी वाचकाला ही गोष्ट वाचताक्षणी एकलव्याचा अंगठा आठवतो. कुणाची बोटं कापायची हे कोण ठरवतं, हा प्रश्न त्याला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रज वाचकाला जिथं नुसती मौज वाटते तिथं आपल्या पोटात गोळा येतो.

तळघर

एकलव्याचं पटलं, मनापासून. गोष्ट मात्र खोटी आहे. म्हणजे अर्धी. लढाईच्या वेळी तिथं हजर असलेल्या बखरकारांनी एवढंच लिहिलंय की हेन्रीनं लढाईआधी आपल्या लोकांना सांगितलं, पकडलात तर फ्रेंच तुमच्या उजव्या हाताची तीन बोटं कापतील. तीन, दोन नाही. दोरी ओढायला तीन लागतात, वर दोरीवरची यांनी सांगितलंच. आणि हे राजानं आपल्या माणसांना लढवण्यासाठी सांगितलेलं. फ्रेंच खरंच तसं म्हणाले होते का, हा प्रश्न आहेच. जिंकल्यावर बोटं नाचवल्याचं तर त्या काळच्या कुठल्याच बखरीत नाही.

आता मला सांगा, यातली जास्त चांगली गोष्ट कुठली? बोटं नाचवणारे विजयी वीर, की हगवणीनं अर्धमेल्या फौजेसमोर उभा राहून "तुमची बोटं जातील" असं सांगणारा राजा? उमरावाला पकडतील तर खंडणी घेऊन सोडतील, तुम्हाला कोण सोडवणार, असा त्याचा मथितार्थ. मी कादंबरीकार असतो तर दुसरी घेतली असती.

रानवाट

मी पण दुसरीच घेतली असती. नोंद करून ठेवतो. (हरलो असं नाही.)

तोरणमाळ

मी नंदुरबार जिल्ह्यातला. आमच्याकडे भिलांच्या धनुष्याची दोरीसुद्धा बांबूचीच, बांबूची पात काढून केलेली. दूरवर मारायचं ते शस्त्र नाही. जनावराच्या जवळ जायचं, वारा बघायचा, वाट बघायची. माझ्या चुलत आजोबांना मी विचारलं होतं, किती लांब मारता? ते म्हणाले, लांबून मारायचं तर जवळ जायला शिकलो कशाला?

वर कुणी कामठ्याला पोरांचा खेळ म्हणालं, राग नाही. पण तो खेळ नाही एवढं लिहून ठेवतो. धनुष्य चालवणाऱ्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं फार थोडं असतं. इंग्लंडात तसं, इकडंही तसं. त्यामुळे नायकाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मला कादंबऱ्यांतलं फारसं कळत नाही.

दुभाषा

@तोरणमाळ, चूक माझी. आमच्या गल्लीत तो खेळ होता, म्हणून तसं लिहिलं गेलं. तुमच्या आजोबांचं वाक्य पुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा भारी आहे.

शिवण

दुसऱ्या टोकाकडून बोलते. पेशानं शल्यचिकित्सक आहे, म्हणून बाण लागल्यानंतरचं दिसतं.

ज्या हेन्रीला तुम्ही लाँगबोचा राजा म्हणताय, त्यालाच सोळाव्या वर्षी तोंडावर बाण लागला होता. २१ जुलै १४०३, श्रूजबरी. बंडखोर पर्सी विरुद्ध तेव्हाचा राजा, म्हणजे या हेन्रीचा बाप, दोन्ही बाजूंनी इंग्लिश माणसं आणि दोन्ही बाजूंनी तीच धनुष्यं. बाण नाकाच्या बाजूनं शिरून सुमारे सहा इंच आत गेला. काडी निघाली, फाळ कवटीच्या मागच्या हाडाशी अडकून राहिला. जॉन ब्रॅडमोर नावाच्या शल्यविशारदानं त्यासाठी खास चिमटा बनवला. आधी कापडात गुंडाळलेल्या, मधात भिजवलेल्या काड्या एकापेक्षा एक जाड करत जखमेचा मार्ग रुंद केला. मग चिमटा फाळाच्या पोकळ बुडात घालून, मधला स्क्रू फिरवून आतून घट्ट पकडला आणि हळूहळू हलवत बाहेर काढला. मग वाइननं धुतलं, मध भरत गेला, आणि जखम आतून भरत बाहेर येऊ दिली. हे सगळं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. भूल नाही, प्रतिजैविकं नाहीत, आणि मुलगा जगला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

आता कादंबरीकारांबद्दल माझी तक्रार. तुमच्याकडे बाण लागला की माणूस लगेच मरतो नाहीतर "नुसतं खरचटलंय" म्हणत तलवार उचलतो. मधलं काहीच नाही. आणि "इंग्लिश धनुष्य विरुद्ध फ्रेंच गर्व" हा साचा श्रूजबरीला कुठं बसतो? किंवा १४६१ च्या टाउटनला, जिथं बर्फात इंग्रजांनी इंग्रजांवरच बाण ओतले? त्या लढायांवर तुलनेनं किती कमी लिहिलं जातं बघा. परक्याला मारलं की कादंबरी, घरच्याला मारलं की तळटीप.

पोलादी

वेल्शांनाही धरा की मग. क्रेसीला वेल्श तिरंदाज होते, काही तुकड्या हिरव्या-पांढऱ्या कपड्यांत. ज्या पहिल्या एडवर्डनं १२८३ पर्यंत वेल्स गिळलं, त्याच्याच नातवासाठी लढत होते. आणि १४०२ मध्ये ब्रिन ग्लासला इंग्रज सरदार मॉर्टिमरच्या फौजेतले वेल्श तिरंदाज ऐन लढाईत वेल्श बंडाचा पुढारी ओवेन ग्लिंडूर याच्या बाजूला फिरले, असं सांगतात. मी चिलखताच्या मुद्द्यावर हरलो, पण हा मुद्दा माझा. असा एक तिरंदाज घ्या जो १४०२ ला फिरला आणि १४१५ ला पुन्हा हेन्रीच्या पगारावर आला. त्याचा वैरी कोण?

रानवाट

आयला, पोलादी. हे भारीये.

कुंपणावरचा

एक अडाणी प्रश्न. इतकं प्रभावी होतं तर फ्रेंचांनी का नाही शिकून घेतलं?

तळघर

अडाणी अजिबात नाही. त्यांनी केलं ना, उशिरा. १४४८ मध्ये सातव्या चार्ल्सनं फ्रांक-आर्शे उभे केले. गावांकडून तिरंदाज घ्यायचे, त्यांनी सराव ठेवायचा, बदल्यात त्यांना करमाफी. त्याआधीही लाँगबो काही अजिंक्य नव्हताच. १४२९ ला पाते इथं खुंट रोवून व्हायच्या आत फ्रेंच घोडदळ अंगावर आलं आणि तिरंदाज चेंगरले. १४५३ ला कास्तियोंला तोफांनी उरलंसुरलं आटोपलं. या दोन लढायांवर कादंबरी दाखवा, माझ्याकडून वडापाव.

दोरीवरची

पातेवर लिहिलं तर मी वाचेन. खुंट अर्धा ठोकलाय आणि घोड्यांचा आवाज येतोय, एवढंच एक प्रकरण.

रानवाट

बरं, कबूल करून टाकतो, कारण लपवून आता फायदा नाही. मी दोन वर्षांपासून असलीच एक लिहितोय. अनाथ पोरगा आहे. हरामखोर पाद्री आहे. शिरस्त्राणाची फट सुद्धा आहे. पहिली सत्तर पानं झालीत. म्हणून एवढ्या पोटतिडकीनं भांडत होतो.

तळघर यांच्या सगळ्या म्हणण्याशी अजूनही सहमत नाही. पावनखिंडीतल्या बांदलांच्या सगळ्यांची नावं मला माहीत नाहीत आणि तरी बाजीप्रभूंचं नाव घेतलं की ते सगळे माझ्यासमोर उभे राहतात. एका माणसातून अनेक दिसतात, हे मी सोडणार नाही. पण फट काढतोय. त्याच्या जागी कैद्यांचा प्रसंग येईल, आणि पोरगा त्या दोनशेत असेल. पाणी पाजायला कुठंही जाणार नाही. हे लिहिताना माझा हात थरथरणार आहे, तेव्हा कुणी घाई करू नका.

पहिलं प्रकरणही बदलतोय. गाव जळत नाही. शेरीफचा माणूस पिसं मोजायला आलाय आणि पोराच्या आईकडे चारच राजहंस आहेत.

तळघर

चोवीस पिसं. आठ बाणांची. लिहा.

तोरणमाळ

पिसं सगळी एकाच बाजूच्या पंखाची घ्यायला सांगा त्याला, एका बाणाला तरी. नाहीतर बाण वाकडा जातो.